सायकोपॅथला भीती वाटते का? आणि मला नेहमी विचारले जाणारे बाकीचे प्रश्न

मी सायकॉलॉजी शिकवते असं कुठे कळलं की पहिला प्रश्न येतो "मग तुम्ही मनातलं ओळखता का", आणि दुसरा हमखास सायकोपॅथवरच असतो, म्हणजे दुसऱ्याच्या भावनांची पर्वा न करता त्याला वापरून घेणाऱ्या माणसावर (त्या स्वभावाला सायकोपॅथी म्हणतात). लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं होतं. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकूया.

एका वाक्यात सांगा, सायकोपॅथला भीती वाटते की नाही?

वाटते, पण वेळेवर येत नाही.

आता एका वाक्याचं झालं, जरा सविस्तर सांगते. शाळेत लस टोचायला रांग लावायचे ते आठवतंय का? पुढे सहा जणी आहेत, मग पाच, मग चार, स्पिरिटचा वास यायला लागतो, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो, आणि सुई तर अजून लागलेलीसुद्धा नसते. प्रत्यक्ष टोचणं दोन सेकंदांचं, त्याच्या आधीची ती दहा मिनिटंच खरी शिक्षा. तर ही जी "आता होणार, आता होणार" वाली भीती आहे ना, ती सायकोपॅथीमध्ये सगळ्यात जास्त कमी पडते. सुई लागली की दुखतं त्यांनाही, पण रांगेत उभं असताना तळहात बहुतेक कोरडेच राहतात.

हे काय नुसतं अंदाजाने सांगताय का?

नाही हो, ते अगदी असंच मोजलंय. रॉबर्ट हेअर म्हणून कॅनडातले सायकॉलॉजिस्ट, सुरुवातीला ब्रिटिश कोलंबियाच्या तुरुंगात नोकरीला होते. १९६५ मध्ये त्यांचा एक प्रयोग छापून आला. कैद्यांच्या हाताला घाम मोजायचं यंत्र लावलं, आणि सांगितलं की समोर १ ते १२ आकडे एकामागून एक दिसतील, ८ आला की शॉक बसेल. साध्या माणसाचा घाम ३, ४ पासूनच वाढायला लागतो, ७ पर्यंत तर चांगलाच चढतो. सायकोपॅथ कैद्यांचा आलेख बराचसा सपाट राहिला, आणि जी काही हालचाल झाली ती शॉक अगदी जवळ आल्यावर. मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात बोलकं चित्र हेच, तो आकड्यांसोबत न चढणारा घाम.

त्याच्याही आधी, १९५७ मध्ये मिनेसोटाच्या डेव्हिड लिकेन यांनी एक भूलभुलैया केला होता. कागदावरचा नाही, यंत्राचा. २० टप्पे, प्रत्येक टप्प्यावर चार खटके, त्यातला एक बरोबर आणि तीन चूक, आणि त्या तीन चुकांपैकी एका खटक्याला करंट. सांगताना फक्त एवढंच सांगायचं की बरोबर रस्ता पाठ करा. आता गंमत बघा, बरोबर रस्ता पाठ करण्यात सायकोपॅथ काही मागे नव्हते, म्हणजे डोकं व्यवस्थित चालतंय. पण बाकीचे लोक नकळत करंटवाला खटका टाळायला लागले, चूक करायचीच तर बिनाकरंटची करू असं त्यांच्या बोटांनीच ठरवलं जणू. सायकोपॅथ मात्र त्याच त्या खटक्यावर परत परत हात ठेवत राहिले. शॉक बसत होता, लागत होता, पण "इथे परत नको" हा धडा अंगात मुरत नव्हता.

आणि मग १९९३ चा पापणीवाला प्रयोग, ख्रिस्तोफर पॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. आपण एखादं भयंकर चित्र बघत असू आणि कानात अचानक मोठा आवाज झाला तर आपली पापणी नेहमीपेक्षा जोरात मिटते, कारण शरीर आधीच सावध असतं. रात्री एकट्याने हॉरर पिक्चर बघताना कुकरची शिट्टी झाली की काय होतं, तेच. सायकोपॅथ गुन्हेगारांमध्ये भयंकर चित्र चालू असताना ही वाढ दिसली नाही. आणि विचारलं तर तेही म्हणणार की हो, चित्र वाईट आहे. तोंड म्हणतंय वाईट, पापणीला पत्ताच नाही.

म्हणजे मेंदूतला तो अमिग्डाला खराब असतो, बरोबर ना?

हे व्हॉट्सॲपवर फिरणारं उत्तर आहे, अर्धं बरोबर. अमिग्डाला म्हणजे बदामाएवढा भाग, दोन्ही बाजूंना एकेक, धोका ओळखायच्या कामात त्याचा मोठा हात असतो आणि सायकोपॅथीच्या बऱ्याच स्कॅनमध्ये तो कमी सक्रिय दिसलाय हे खरं. पण तेवढ्याने सायकोपॅथ होत नाही.

अमेरिकेत आयोवामध्ये अभ्यासलेली एक पेशंट आहे, तिचं नाव गुप्त ठेवून फक्त एस.एम. म्हणतात. एका दुर्मिळ आजारामुळे तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला गेलेले. साप हातात घेते, भुताच्या बंगल्यात पुढे पुढे चालते, भीती नावाचा प्रकार नाही. पण ती सायकोपॅथ नाही. आणि २०१३ मध्ये तिला मास्कमधून ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा दिली तेव्हा ती चक्क घाबरून गेली, मास्क ओढायला लागली. म्हणजे बाहेरून येणारा धोका ओळखायची वाट बंद, पण आतून गुदमरायला लागल्यावर भीती आलीच. भीती ही एक वस्तू नाही हेच यातून कळतं, ती बऱ्याच वाटांनी येते आणि एखाद्याची एक वाट बंद असली तरी दुसरी चालू असू शकते.

२०१६ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी सायकोपॅथी आणि भीतीवरचे तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा त्यांनीही साधारण हेच मांडलं. धोका आपोआप टिपणं आणि शरीराने त्याला प्रतिसाद देणं हे कमी आहे, पण "मला आत्ता भीती वाटतेय" हा अनुभव नसतोच असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

मग लक्ष देऊन घाबरायचं ठरवलं तर घाबरतील का?

हसू नका, हा प्रश्न विस्कॉन्सिनच्या जोसेफ न्यूमन यांनी खरंच घेतला. त्यांचं म्हणणं असं की भीतीचं यंत्र मोडलेलं नाही, लक्षाचा झोत अरुंद आहे. एकदा हवी ती गोष्ट समोर दिसली, पैसा असो की बाई की सूड, की कडेला काय चाललंय ते दिसणंच बंद. त्यांनी कैद्यांना धोक्याच्या खुणेकडेच बघायचं काम दिलं तेव्हा त्यांचं दचकणं जवळपास इतरांसारखंच निघालं. काम बदललं, धोक्याची खूण कडेला गेली, की परत भीती गायब.

मला स्वतःला ही थिअरी आवडते, पण सगळ्यांना पटलेली नाही. लिकेनच्या बाजूचे लोक म्हणतात मुळातच भीती कमी, न्यूमनच्या बाजूचे म्हणतात लक्षाचा प्रॉब्लेम, आणि हे भांडण अजून मिटलेलं नाही.

सायको आणि सायकोपॅथ एकच ना?

आपल्याकडे "सायको आहे तो" हे कुणालाही म्हणतात, एक्सला, बॉसला, रात्री दोनला ड्रिल चालवणाऱ्या शेजाऱ्याला. पण सायकोसिस आणि सायकोपॅथी या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. सायकोसिसमध्ये माणसाचा वास्तवाशी संबंध सुटतो, आवाज ऐकू येतात, कुणीतरी मागावर आहे असं वाटतं, आणि तो माणूस बऱ्याचदा भयंकर घाबरलेला असतो. सायकोपॅथला वास्तव स्वच्छ दिसत असतं.

मुंबईच्या रमण राघवचं उदाहरण घ्या, १९६८ मध्ये पकडला गेला, उपनगरात रस्त्याकडेला आणि झोपड्यांमध्ये झोपलेल्या लोकांना मारत होता. आजही लोक त्याला सायकोपॅथ म्हणतात. पण तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगितलं, १९८७ मध्ये हायकोर्टाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली, आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये तो किडनीच्या आजाराने गेला. खून भयंकर म्हणून खुनी सायकोपॅथच, असा नियम नाही.

आणि जोशी-अभ्यंकर खटल्यातली ती मुलं?

पुण्यात हा प्रश्न येतोच येतो. १९७६-७७ मधले खून, १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फाशी. पण आज जी चाचणी वापरतात तिचं मॅन्युअल १९९१ मध्ये आलं, त्यामुळे मागे जाऊन लेबल लावायला मी तयार नाही. कोण थंड डोक्याचा होता आणि कोण नुसता मागे मागे गेला, हे पेपरची कात्रणं वाचून नाही ठरवता येत.

मग ठरवतात कसं? आणि असे लोक किती असतात?

तीच ती हेअरची चेकलिस्ट. २० मुद्दे, प्रत्येकाला ०, १ किंवा २ मार्क, एकूण ४० पैकी. अमेरिकेत ३० किंवा त्याहून जास्त आले की सायकोपॅथ म्हणतात, ब्रिटनमध्ये बऱ्याचदा २५ ची रेघ धरतात. म्हणजे बघा, २७ वाला माणूस विमानात बसला की उतरेपर्यंत बदलतो! ही गोष्ट प्रमाणाची आहे, आहे-नाहीची नाही. आणि हे मार्क मुलाखत आणि जुने रेकॉर्ड दोन्ही तपासून, ट्रेनिंग घेतलेल्या माणसाने द्यायचे असतात, मोबाइलवरच्या दहा प्रश्नांच्या क्विझने नाही.

बाहेरच्या जगात साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी असा अंदाज सांगतात, तुरुंगात बरेच जास्त. डॉक्टरांच्या अधिकृत यादीत "सायकोपॅथ" असं निदान नाहीये, तिथे समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार आहे, आणि तो असलेल्या कैद्यांपैकी थोडेच हेअरची रेघ ओलांडतात.

राग येतो का? की थंडच असतात?

येतो की! पटकन येतो, हवं ते मिळालं नाही की येतो, आणि तितक्याच पटकन जातो, समोरचा थरथरत असताना हा "चल जेवायला जाऊया" म्हणू शकतो. सिनेमातला तो कायम शांत, शास्त्रीय संगीत ऐकणारा खुनी विसरा. कंटाळा तर भयंकर येतो, चेकलिस्टमध्ये कंटाळ्यासाठी वेगळा मुद्दाच आहे. बक्षिसाची ओढही जोरात असते, ब्रेक ढिले आणि ॲक्सिलरेटर तेज, अशी गाडी समजा.

प्रेम?

मालकी हक्कासारखं काहीतरी. माझी बायको, माझा मुलगा, माझी बाइक. हर्व्ही क्लेकली या अमेरिकन सायकिॲट्रिस्टने १९४१ मध्ये अशा पेशंटांवर पुस्तक लिहिलं, त्यांची तुलना साधारण अशी की यांना भावनांचे शब्द येतात, चाल येते, पण अर्थ आत पोचत नाही. नंतर हेअर आणि सहकाऱ्यांनी स्क्रीनवर शब्द दाखवून मेंदूचे विद्युत आलेख काढले, तर बाकीच्यांचा मेंदू भावनेच्या शब्दांना वेगळी दाद देतो आणि सायकोपॅथचा मेंदू "मृत्यू" आणि "कागद" यांना जवळपास सारखीच वागणूक देतो. (उदाहरणाचे शब्द माझे आहेत, प्रयोगातले इंग्रजी होते.) पहिल्या मासिकाने म्हणे तो पेपर परत पाठवला, हे आलेख खऱ्या माणसांचे असूच शकत नाहीत म्हणून.

पस्तावा होतो का? रडतात ते सगळं नाटक?

इथे मला स्वतःला धक्का बसला होता, कारण मी वर्षानुवर्षं शिकवताना "पस्तावा नाही" असंच सांगत होते. २०१६ मध्ये ॲरिएल बास्किन-समर्स आणि जोशुआ बकहोल्ट्झ यांनी जुगारासारखा खेळ दिला, दोन चाकं, एक निवडायचं, आणि मग दुसरं निवडलं असतं तर किती मिळालं असतं तेही दाखवायचं. सायकोपॅथीचा स्कोअर जास्त असलेल्या लोकांनाही हळहळ वाटत होतीच, "अरे यार, ते घ्यायला हवं होतं". पण पुढच्या डावात ती हळहळ वापरून सावध होणं त्यांना जमत नव्हतं.

परत तेच बघा. भावना आहे, ती पुढच्या वेळी आधी येऊन हात धरत नाही. आपण जत्रेत हरलो की पुढच्या स्टॉलवर पाकीट दाबून धरतो, यांचं पाकीट परत उघडं.

आता ही हळहळ स्वतःच्या नुकसानीची होती हेही लक्षात ठेवा. दुसऱ्याचं वाटोळं केलं म्हणून रात्रभर झोप न लागणं ही वेगळी गोष्ट, ती या चाकांवर मोजलेली नाही. कोर्टात रडतात त्यातलं नाटक किती हे प्रत्येकाचं वेगळं असणार, पण बऱ्याचदा रडू पकडले गेल्याचं असतं.

दुसऱ्याचं दुःख कळतच नाही का त्यांना?

कळतं, चांगलं कळतं, म्हणून तर फसवता येतं. तुमच्या मनात काय चाललंय ते ओळखणं एक आणि ते ओळखून आपल्या पोटात कालवणं दुसरं, यातलं पहिलं शाबूत असतं. ऑटिझममध्ये बऱ्याचदा उलट असतं, दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला कठीण जातं पण कळलं की जीव तुटतो, त्यामुळे ऑटिस्टिक मुलांना "थंड" म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो.

नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला एक भारी प्रयोग झाला, २०१३ मध्ये छापून आला. १८ सायकोपॅथ गुन्हेगारांना पहाऱ्यात स्कॅनरपर्यंत आणलं आणि नुसते हातांचे व्हिडिओ दाखवले, एक हात दुसऱ्याला कुरवाळतो, एक दुसऱ्याला मारतो, एक दुसऱ्याला झिडकारतो. नुसतं बघताना त्यांच्या मेंदूत स्वतःच्या अनुभवाचे भाग बाकीच्यांपेक्षा कमी उजळले. मग सांगितलं, आता त्या हाताच्या माणसाला काय वाटतंय ते तुम्ही अनुभवायचा प्रयत्न करा. आणि फरक बराच कमी झाला! आपल्याकडे ही कळ आपोआप दाबली जाते, रस्त्यात कुणी पडलं की आपल्याच तोंडून "आई गं" निघतं. त्यांना ती मुद्दाम दाबावी लागते, आणि उगाच कोण दाबेल.

एक गोष्ट मात्र ओळखायलाच जड जाते, घाबरलेला चेहरा. राग, आनंद बऱ्यापैकी ओळखतात, भीतीवर जास्त अडखळतात. जी भाषा स्वतःला नीट येत नाही ती समोरच्याच्या तोंडावर कशी वाचणार.

लहानपणापासून कळतं का? माझा मुलगा मुंग्या मारतो.

मुंग्या सगळेच मारतात हो. कुठल्याही मुलाला सायकोपॅथ म्हणायचं नसतं, डॉक्टरही म्हणत नाहीत. ते बघतात ते वेगळं: दुसऱ्याला लागलं, रडलं, तरी काहीच फरक न पडणं, ओरडा खाऊनही ढिम्म, आणि हे वर्षभर तरी, घरी आणि शाळेत सगळीकडे. इंग्लंडमधल्या सात वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासात, २००५ चा आहे, या गुणाच्या टोकाच्या मुलांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ६७ टक्के निघाला होता. म्हणून दर वेळी आईच्या माथी मारणं बंद करा.

आणि अशा मुलांना मारून, कोंडून काही होत नाही, कारण शिक्षेची भीतीच तर आधी येत नाहीये. बक्षीस कळतं. विस्कॉन्सिनमध्ये मेंडोटा म्हणून किशोरवयीन गुन्हेगारांचं केंद्र आहे, तिथे चांगल्या वागण्याला लवकरात लवकर काहीतरी हातात पडतं, आणि तिथून बाहेर पडलेल्या मुलांचे पुढचे हिंसक गुन्हे बऱ्यापैकी कमी झाले.

मोठ्यांचं काय? औषध?

सायकोपॅथीवर असं औषध नाही. आणि चुकीचा उपचार उलटा पडू शकतो. कॅनडात ओंटारिओमध्ये ओक रिज नावाच्या ठिकाणी १९६० च्या दशकाच्या शेवटी गट करून, दिवसचे दिवस एकमेकांसमोर मन मोकळं करायचा मोठा कार्यक्रम चालवला होता. १९९२ मध्ये हिशोब काढला तर त्यातून गेलेल्या सायकोपॅथ लोकांनी उपचार न घेतलेल्या सायकोपॅथांपेक्षा जास्त हिंसक गुन्हे केले होते. समोरच्याची दुखरी नस कुठे असते याचा क्लासच झाला म्हणायचा.

मामीचा प्रश्न: "अगं आमच्या खालच्या मजल्यावरचा तो, कधी घाबरत नाही, कुणाशी बोलत नाही, सायकोपॅथ असेल का गं?"

मामी, तो नाइट शिफ्टला आहे.

खरं सांगायचं तर न बोलणाऱ्यापेक्षा फार गोड बोलणाऱ्याकडे मी जास्त लक्ष देईन. नुसतं न घाबरणं हा आजार नाही. लिकेन तर म्हणायचे की हिरो आणि सायकोपॅथ एकाच झाडाच्या फांद्या. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनचे न्यूरोसायंटिस्ट जेम्स फॅलन यांना घरच्यांच्या स्कॅनच्या गठ्ठ्यात एक स्कॅन खुन्यांच्या स्कॅनसारखा दिसला, उघडून बघितलं तर स्वतःचाच. त्यांनी आयुष्यात कुणाचा खून केला नाही, शिकवलं, पुस्तक लिहिलं, २०२३ मध्ये गेले.

घरात कुणाचा खरंच त्रास होत असेल, मारहाण, धमक्या, पैसे काढून घेणं, तर तो सायकोपॅथ आहे का हे सिद्ध करत बसू नका, त्रास हेच कारण पुरेसं आहे मदत घ्यायला. जिवाला धोका असेल तर आधी ११२. स्वतःच्या मनावर ताण आला असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट, मराठीतही बोलतात.

दुसऱ्याची जांभई बघून ज्याला जांभई येत नाही तो सायकोपॅथ, ही जांभईची टेस्ट खरी आहे का?

२०१५ मध्ये टेक्सासच्या बेलर विद्यापीठात विद्यार्थ्यांना जांभया देणाऱ्या लोकांचे व्हिडिओ दाखवले होते, ज्यांचा कोरडेपणाचा, म्हणजे दुसऱ्याविषयी काही न वाटण्याचा स्कोअर जास्त त्यांना जांभई कमी लागली. सगळे कॉलेजचे विद्यार्थी, खुनी वगैरे कुणी नाही, आणि त्या संशोधकांनीही ही टेस्ट म्हणून वापरा असं म्हटलेलं नाही. तरी एका वर्गात मी हे सांगितल्यावर पुढचा तासभर सगळी पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली होती, आणि शेवटच्या बाकावरचा एक जण, ज्याला माझ्या प्रत्येक तासाला जांभया येतात, तो पहिल्यांदा छाती पुढे काढून म्हणाला, "मॅडम, बघा, मी किती चांगला माणूस आहे."